विजापुरात एकच दिवस आहे, मैत्रिणीचा गुडघा दुखतो. काय बघू, काय सोडू?

डेक्कनराणी
मी आणि कॉलेजातली मैत्रीण पुण्याहून गाडीने बदामीला निघणार आहोत, आळीपाळीने चालवत. पहिली रात्र सोलापूर, दुसरा अख्खा दिवस आणि रात्र विजापूर, मग पुढे. तिचा डावा गुडघा कुरकुरतो, तरी तिला पाटी न पाटी वाचायची असते. मला तिसऱ्या इमारतीनंतर सगळे घुमट सारखेच दिसायला लागतात. 'एका दिवसात १५ ठिकाणं' असला व्हिडिओ बघून धास्तीच घेतलीय. कोणी निवांत बघितलं असेल तर क्रम सांगा.

भीमाकाठचा
पंधरा विसरा. चार पुरेत, त्यातलं एक तर जाता-जाता.

मी सोलापूरचा. विजापूर आमच्यापासून शंभरेक किलोमीटर, त्यामुळं पाहुणा आला की त्याला तिकडं फिरवून आणायचं, ही आमच्याकडची रीतच. जानेवारीत नागपूरचा दोस्त आला होता, बांधकामातला माणूस. अंधारात निघालो. टाकळीला भीमा ओलांडली की पाट्या कन्नड होतात, रान मात्र तेच, ज्वारी आणि तूर.

गोलघुमट उघडायच्या वेळेला दारात पाहिजे. नंतर शाळांच्या सहली येतात आणि वरच्या सज्जात जो तो आरोळ्या ठोकतो. ऐकण्यासारखं तिथं जे आहे ते आरोळीत नाही ओ, कुजबुजीत आहे. दोस्त सज्जाच्या पलीकडच्या टोकाला गेला. मधे ३७-३८ मीटरची पोकळी. भिंतीला तोंड लावून तो हळूच म्हणाला, "माझे दोन हजार कधी देतोस?" शब्द न् शब्द माझ्या कानात. तो दिसतही नव्हता नीट.

खाली आल्यावर तो कबरींकडं बघेना, नजर वरच. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवलाय कसा, हे त्याला शोधायचं होतं. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी आहेत, त्या चौकोन आवळत-आवळत आणतात आणि भार भिंतींवर टाकतात. बाहेरून व्यास ४४ मीटर, आत एक खांब नाही. मुहम्मद आदिलशहा १६५६ साली गेला, त्याची ही कबर. तुमच्या मैत्रिणीला हे दाखवा, पाट्यांपेक्षा जास्त आवडेल.

मग थेट इब्राहिम रौजा. खरं सांगायचं तर मला हाच जास्त आवडतो. गोलघुमट छाती दडपवतो, हा जवळ बोलावतो. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे हौद. खिडक्यांना जाळी आहे ती वेलबुट्टीची नाही, दगडात अक्षरंच कोरून आरपार केलीत, उजेड अक्षरांमधून आत येतो. आतलं छत सपाट, दगडाला दगड भिडवलेला, खाली आधार दिसत नाही. दोस्त तिथं गप्प झाला, आणि तो गप्प बसणारा माणूस नाही. मलिक संदल नावाच्या वास्तुकारानं हे उभं केलं. इथं दीड तास द्याच.

तिसरी मुलूखमैदान तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, १६३२ मध्ये आपल्या परांड्याच्या किल्ल्यावरून इकडं आणली. वजन ५५ टनांच्या आसपास. रस्ते नसलेल्या काळात ती आणली कशी, यावर आम्ही जेवण होईस्तोवर भांडलो. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे, त्यात हत्ती सापडलाय, तो वाकून बघा.

चौथं बारा कमान. फोटो काढा, निघा.

कृष्णाकाठची
बारा कमानीला 'निघा' काय? उन्हं उतरल्यावर जा, मग बोला. दुसऱ्या अली आदिलशहाची कबर आहे, बांधकाम अर्धवट राहिलं. घुमट चढलाच नाही, नुसत्या कमानी उभ्या. घुमटांचा कंटाळा येणाऱ्या बाईला याहून चांगलं काय मिळणार? त्यापेक्षा उपली बुरूज सोडा, पायऱ्या बाहेरून गोल चढत जातात, दुखऱ्या गुडघ्याचं काम नाही.

भीमाकाठचा
बरं, संध्याकाळी जा. पण उपली बुरूज तोफेपासून जवळच आहे, खालून बघायला काय जातंय?

डेक्कनराणी
दोघांनाही धन्यवाद. गोलघुमटाच्या वर जायला लिफ्ट आहे का? आणि जेवायचं कुठे? ती शाकाहारी, मी नाही.

भीमाकाठचा
लिफ्ट नाही. कोपऱ्यातल्या मिनाराच्या आतून जिना, सात मजले, अरुंद, पायऱ्या उंच. चढण्यापेक्षा उतरताना गुडघा बोलतो. तिला खालीच थांबू द्या, आवाज तिथंही घुमतो. तुम्ही वर जा, पण ओरडू नका.

जेवायला लिंगायत खानावळ शोधा, पाटी कन्नडमध्ये असेल, कोणालाही विचारा. पातळ कडक ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, वर दही. चटणी आमच्या सोलापूरची जास्त चांगली, हे मी तिथं बोललो नाही. तुम्हाला मटण पाहिजे असेल तर रात्री सावजी खानावळ गाठा. दुपारी जड जेवलात तर बारा कमानीला झोपाल.

कृष्णाकाठची
आणि गाडी मुक्कामी लावून टांगा करा. पैसे बसायच्या आधी ठरवा. 'सगळी ठिकाणं दाखवतो' म्हणाला तर चारच नावं सांगा, नाहीतर तो पंधरा दाखवेल.