मदत हवी: मॅटाडोर कॅम्परचं चार्जिंग बघायला कोणता मीटर लावू?

मॅटाडोर_नाशिक
शुक्रवारी सकाळी सापुताऱ्याला निघायचंय, त्यामुळे लवकर सांगा. मागची बॅटरी दोन दिवसांत बसते. डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझतो, म्हणजे डायनामो (अल्टरनेटर) ठीक आहे. इथे नाशकात द्वारकेला दुकानात तीन मीटर दाखवले: अँपिअरचा, व्होल्टचा काट्याचा आणि व्होल्टचाच आकडेवाला छोटा. यातला कोणता घेऊ, एवढंच हवंय.

सातपूर_वायरिंग
मीटरचं नंतर बघू. गाडी १२ व्होल्टची की २४? मागची बॅटरी कोणती, किती अँपिअर-अवरची? पुढच्या बॅटरीला ती रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) जोडली आहे, डायोडने की थेट? मधली वायर किती स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), किती लांब? मागे काय काय चालतं? आणि लाल दिवा सेल्फ मारल्याबरोबर विझतो की रेस दिल्यावर?

निफाडकर
थंडीत जुन्या डिझेलला हीटर प्लग दगा देतात. एकेक प्लग सुटा करून ओहम बघा. चांगला असेल तर १-२ ओहमच्या आत दाखवेल, जळला असेल तर मीटर हलणारच नाही.

सातपूर_वायरिंग
निफाडकर, स्टार्टिंगची तक्रार कुठे आहे? बॅटरी मागची बसते आहे.

मॅटाडोर_नाशिक
१२ व्होल्ट. मागे १५० ची ट्यूब्युलर, इन्व्हर्टरला लावतात ती. चावी फिरवली की रिले टक् वाजतो. वायर ४ स्क्वेअरची, जायला ६ मीटर, निगेटिव्ह परत यायला ६. मागे ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज, पंखा, दिवे. लाल दिवा रेस दिल्यावर विझतो, त्यात नवीन एलईडी टाकलाय. आता मीटरचं सांगा ना.

सातपूर_वायरिंग
आधी एलईडी काढा. त्या बल्बमधून जाणारा करंटच डायनामोच्या रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. २.२ वॉटच्या साध्या बल्बमधून साधारण १८० मिलीअँपिअर जातात, एलईडीतून त्याच्या दहावा हिस्साही जात नाही. म्हणून रेस दिल्याशिवाय चार्जिंग धरत नाही. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टाका. तो गरम होतो, प्लॅस्टिकला टेकवू नका.

दिवा विझला म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा व्होल्टेज आला, इतकंच कळतं. मागे किती पोचतंय हे तो सांगत नाही, कटआउट (डायनामोचा व्होल्टेज रेग्युलेटर) बिघडून १५.५ व्होल्ट जात असले तरी तो विझलेलाच राहतो.

रिलेची कॉइल चावीवर आहे, हेही चूक. सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या राहतात आणि स्टार्टर त्या ४ स्क्वेअरच्या वायरीतून मागच्या बॅटरीचाही करंट ओढतो. व्होल्टेज बघून जुळणारा रिले लावा, साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो.

जुना_कटआउट
एवढं कशाला? अँपिअरचा काट्याचा मीटर लावा, मायनस तीस ते प्लस तीसचा. काटा प्लसला गेला की बॅटरी भरते, मायनसला गेला की रिकामी होते. व्होल्टचा मीटर नुसता दाब सांगतो, प्रवाह किती ते नाही.

सातपूर_वायरिंग
काका, त्या मीटरसाठी डायनामोचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यावा लागतो. मागचा नट हादऱ्यांनी ढिला झाला की तिथे ठिणगी पडते. चालत्या इंजिनात बॅटरी सुटली तर व्होल्टेज उसळून डायोड प्लेट जाते. त्यापेक्षा १०० अँपिअर, ७५ मिलीव्होल्टचा शंट (करंट मोजायची अगदी कमी ओहमची पट्टी) मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर बसवा, डॅशवर फक्त दोन बारीक तारा येतील.

जुना_कटआउट
शंट चालेल. पण नट दुहेरी घालून लॉक वॉशर टाकला तर काट्याचा मीटर वर्षानुवर्षे टिकतो, हे माझं मत बदलत नाही.

लिथियमप्रेमी
ट्यूब्युलर काढून लिथियम फॉस्फेट टाका, विषय संपला.

सातपूर_वायरिंग
जुन्या डायनामोवर थेट लिथियम नको. ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते, आयडलला डायनामोचा पंखा सावकाश फिरतो आणि वाइंडिंग तापतं. मध्ये करंट आवरणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लागेलच.

मॅटाडोर_नाशिक, १५०० आरपीएमला फ्रिज चालू ठेवून डायनामोचा जाड स्क्रू, पुढची बॅटरी आणि मागची बॅटरी इथले व्होल्ट लिहा. दोन्ही प्रोब बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवरच टेकवा, क्लॅम्पवर नको. मग एक प्रोब रिलेच्या इनला, दुसरा आउटला. डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर मागे जाणारे अँपिअरही बघा.

मॅटाडोर_नाशिक
डायनामो १४.२. पुढे १४.१. मागे १३.०. रिलेवर ०.३५. मागे ९ अँपिअर जातात.

सातपूर_वायरिंग
चोर सापडला. पुढून मागे येताना १.१ व्होल्ट गळतात. ४ स्क्वेअर तांब्याच्या १२ मीटरला ०.०५२ ओहम, म्हणजे ९ अँपिअरला ०.४७ व्होल्ट वायरीत गेले. रिलेत ०.३५, तिथे ०.१ च्या वर नको. उरलेले ०.२८ लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि फ्यूज होल्डरमध्ये. इंजिन बंद केल्याबरोबर एकेक जोड हाताने चाचपा, कोमट लागेल तो खराब. लग पक्कडीने दाबलेला असेल तर कापून क्रिंपिंग टूलने नवा बसवा.

वायर १६ स्क्वेअरची टाका. दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरावर एकेक ६० अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण वायर मध्ये कुठे घासली तर करंट दोन्हीकडून येतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आकडेवाले छोटे दोन घ्या, एकेका बॅटरीला एक. तारा थेट पोस्टवरून, १ अँपिअरच्या फ्यूजमधून, मध्ये बटण. लावण्याआधी मल्टिमीटरशी ताडून बघा, स्वस्तातले ०.२ ने चुकतात. शंटचा तिसरा. फ्रिज-पंख्याचे सगळे निगेटिव्ह शंटच्या पलीकडच्या टोकाला, बॅटरीकडच्या टोकाला फक्त बॅटरी.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ ठीक. १४.८ च्या वर गेलं तर कटआउट बघा, पाणी उकळेल. रात्रभर भार काढून ठेवल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

जुना_कटआउट
बेल्टही बघा. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. आणि बॅटरीवर मल्टिमीटर एसीला ठेवा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर डायोड गेलाय.

मॅटाडोर_नाशिक
गुरुवार रात्र. रिलेचा एक लग काळा पडला होता. १६ स्क्वेअर, नवा रिले, फ्यूज आणि साधा बल्ब टाकला. दिवा सेल्फबरोबर विझतो. मागे १३.८, जातात १९ अँपिअर. बेल्ट ठीक, एसी ०.०८. सापुताऱ्यापर्यंत बॅटरी भरेल?

सातपूर_वायरिंग
नाही. निम्म्या बॅटरीला ७५ अँपिअर-अवर लागतात. ऐंशी किलोमीटरला अडीच तास धरले तरी जेमतेम ४० जातील, कारण भरत आली की करंट उतरतो. आज रात्री घरी चार्जरवर १० अँपिअरने लावून ठेवा, खिडक्या उघड्या ठेवून.

जुना_कटआउट
मागे गॅसचा सिलिंडर कुठे आहे?

मॅटाडोर_नाशिक
बॅटरीच्याच कप्प्यात, खाली.

जुना_कटआउट
आत्ताच काढा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशीच साचतो, आणि तिथेच तुमचा रिले ठिणगी टाकतो. सिलिंडरला बाहेरून उघडणारा वेगळा कप्पा हवा, तळाला भोक असलेला.

मॅटाडोर_नाशिक
काढला. उद्या थंड जेवण नेतो, कप्पा आल्यावर करतो.