मदत हवी आहे: बाल्कनीतल्या खताच्या बादलीला वास येतोय
इंदिरानगरला आम्ही चौघं भाड्याने राहतो, सगळे पंचविशीच्या आतले. ओला कचरा डेपोत हवेशिवाय कुजला की मिथेन होतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरतो, हे कळल्यापासून घंटागाडीत फक्त सुका कचरा द्यायचं ठरवलं. भोकं पाडलेली बादली, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आंबट ताक, दोन महिने मस्त चाललं. पण पाऊस लागल्यापासून सगळं चिकचिकीत, अळ्या पण झाल्यात आणि शेजारच्या काकू रोज बोलतात, त्यांचंही बरोबरच आहे. सुका पाला वाढवायचा हे माहितीये पण आत्ता कोरडा पाला आणायचा कुठून, लाकडाचा भुसा चालेल का, नाशकात कुठे मिळतो? मला हे बंद नाही करायचं, प्लीज सांगा.