कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर कोकणकडा आणि कास: आकाश पांढरं पडतं, एफ/११ वरही फोटो मऊ

रानवाट

कॅमेरा १ इंच सेन्सरचा कॉम्पॅक्ट आहे: २० मेगापिक्सेल, २४-१०० मिमी, एफ/१.८-२.८. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) मिळतं, ३ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश तीनदा निम्मा करणारा) आतच आहे. सप्टेंबरअखेर हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा, नंतर कासचं फुलांचं पठार.

अडचणी तीन. दरी नीट दिसेल असं एक्स्पोजर ठेवलं की आकाश पांढरंफटक. जवळच्या गवतापासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं फोकसमध्ये यावं म्हणून एफ/११ (भिंगाचं बारीक छिद्र) लावतो, तरी फोटो मऊ येतो. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२५ आणि २ सेकंदांचा टायमर असतो, म्हणजे हात हलण्याचा प्रश्न नाही. आणि कोकणकड्याची कमान २४ मिमीमध्ये मावत नाही.

सह्यकडा

मऊपणा एफ/११ मुळेच येतोय. छिद्र बारीक झालं की प्रकाश कडेला वळून पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. एफ/११ ला एका बिंदूची सेन्सरवर साधारण १५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकती होते. तुमचा एक पिक्सेल २.४ मायक्रॉनचा, म्हणजे तो बिंदू सहा पिक्सेल रुंदीवर सांडला. नंतर शार्पनिंग कितीही वाढवा, गेलेला तपशील येत नाही. एफ/४ ला तीच चकती साडेपाच मायक्रॉनच्या आत राहते.

मुळात एफ/११ ची गरजच नाही. १ इंच सेन्सरचा क्रॉप २.७, म्हणजे तो फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) तेवढ्या पटीने लहान, त्यामुळे फुल फ्रेमवर एफ/११ ला जेवढी खोली फोकसमध्ये येते तेवढी तुम्हाला एफ/४ लाच मिळते. २४ मिमी, एफ/४ आणि फोकस १.८ मीटरवर: ९० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. एफ/५.६ ला फोकस सव्वा मीटरवर ठेवा, मग ६५ सेंटीमीटरपासून पुढचं सगळं येतं. पडद्यावरच्या अंतराच्या पट्टीवर फार विसंबू नका. तेवढ्या अंतरावरच्या दगडावर टच फोकस करा आणि मॅन्युअल फोकसवर टाकून ते तिथेच बांधा. झूम केलंत की हिशोब बदलतो. फोकसचं हे अंतर फोकल लेंग्थच्या (त्या मिमीच्या आकड्याच्या) वर्गाने वाढतं, ५० मिमीला एफ/४ वर ते पावणेआठ मीटरच्या आसपास जातं.

आता आकाश. जळालेला ढग रॉमधूनही परत येत नाही, काळवंडलेली दरी मात्र आयएसओ १२५ च्या रॉमधून बरीच उजळते. म्हणून मोजमाप आकाशाचं करा. हायलाइटची चेतावणी (जळालेले भाग पडद्यावर चमचमतात ती) चालू ठेवा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) −०.७ पासून सुरू करून ढगांवरची चमचम थांबेपर्यंत खाली या. सूर्याची चकती पांढरीच राहणार, तिच्यामागे लागू नका. पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगचा असतो, त्यामुळे पिक्चर स्टाइलचा कॉन्ट्रास्ट सगळ्यात कमी ठेवला की तो रॉच्या जवळपास बोलतो.

धुक्यात उलटं. मीटर धुक्याला राखाडी करून टाकतो, तिथे +०.७ ते +१ द्या.

भिंगरी

आकाशाबद्दल सहमत, पण सूर्य चौकटीत असेल तर एका रॉवर भागत नाही. तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग (एकच दृश्य वेगवेगळ्या एक्स्पोजरला, नंतर एकत्र जोडायला) घ्या, २-२ स्टॉपच्या अंतराने, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे फक्त शटर बदलेल. वारा असताना मात्र गवताच्या कडा जोडताना दुहेरी येतात. मग सह्यकडा यांचाच मार्ग बरा.

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे कातळावर थेट ऊन दुपारनंतरच येतं. कमान मावत नसेल तर पॅनोरमा करा, म्हणजे फोटो जोडून एक रुंद चित्र. त्यासाठी २४ मिमी नको, कडांचा ताण जोडताना नडतो. ३५ मिमीला कॅमेरा उभा धरा. १८० अंशांसाठी ७ फोटो लागतात, प्रत्येकात मागच्याचा एक तृतीयांश भाग यायला हवा. एक्स्पोजर सगळ्यात उजळ भागावर ठरवून मॅन्युअलमध्ये बांधा, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) 'डेलाइट'. ऑटो राहिला तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा आणि संध्याकाळचं सोनेरी ऊनही तो धुऊन टाकतो. स्वतःभोवती फिरू नका, कॅमेरा भिंगातून जाणाऱ्या उभ्या रेषेभोवती फिरवा. नाहीतर कड्यावरचे जवळचे दगड मागच्या डोंगरांशी जुळत नाहीत. जोडायला ह्युगिन हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

पॅनोरमात पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) नको. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो, रुंद आकाशात मधेच गडद पट्टा पडतो.

आणि कड्याच्या टोकाशी ट्रायपॉड लावू नका. वारा वर उसळतो, ३०० ग्रॅमचा कॅमेरा त्याच्यापुढे काहीच नाही. पोटावर झोपून, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवून, अर्धा किलो राजमा भरलेल्या पिशवीवर टेकवा.

घाटमाथा

दमटपणाचं कुणी बोललं नाही, आणि कॉम्पॅक्ट मरतो तो यानेच. चालू-बंद करताना भिंगाची नळी आतबाहेर होते आणि बाहेरची ओली हवा आत ओढते. नळीवर थेंब असताना कॅमेरा बंद केला तर तेही आत जातात. आधी पुसा, मग बंद करा. भिंग बदलता येत नाही, आत बुरशी धरली की साफसफाईचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. घरी आल्यावर सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. एसी गाडीतून उतरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवा आणि उतरल्यावर २०-३० मिनिटं उघडू नका, भिंगावर वाफ धरत नाही.

कासला वारा हाच शत्रू. फुलं स्थिर हवीत तर शटर १/२५० किंवा जास्त, त्यासाठी आयएसओ ४०० पर्यंत जायला हरकत नाही. पडदा वर वळवून कॅमेरा पायवाटेवरूनच खाली धरा. चांगल्या कोनासाठी फुलांत पाय टाकू नका, तुडवलेलं रोप त्या हंगामात बी धरत नाही.

पोलरायझरचा खरा उपयोग ओल्या पानांवरची चकाकी मारायला. चिकटणारी रिंग लावणार असाल तर भिंगाच्या झाकणाच्या पाकळ्या मोकळ्या राहतात ना ते बघा, आणि कॅमेरा बंद करण्याआधी फिल्टर काढा. नळी आत जाताना तो अडकला तर मोटरवर ताण येतो.

रानवाट

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. वाटेतल्या धबधब्यांना एनडी पुरेल का?

सह्यकडा

सावलीतल्या धबधब्याला पुरेल. एफ/५.६, आयएसओ १२५ ला शटर १/३० मिळत असेल तर एनडीने ते १/४ वर येतं, पाणी रेशमासारखं व्हायला तेवढं बस. अजून हळू हवं असेल तर एफ/८ पर्यंत जा, थोडा मऊपणा इथे खपतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद ठेवा. उन्हातल्या धबधब्याला ३ स्टॉप अपुरे, तिथे ढग यायची वाट बघा.