‘मॉन्स्टर’मधला योहान मनातून का जात नाही?

प्रश्न : नाओकी उरासावा यांच्या ‘मॉन्स्टर’ (१९९४–२००१) या मांगा (जपानी चित्रकथा) मालिकेत डॉक्टर तेन्मा महापौरांऐवजी डोक्यात गोळी लागलेल्या मुलाचे प्राण वाचवतात आणि तोच योहान पुढे खुनी निघतो. इतका मृदुभाषी खलनायक मनात घर का करतो?

प्रतिसाद १ : समोरच्याच्या मनातली जखम हेरून तो तिच्यावर नेमके बोट ठेवतो आणि माणूस आपणहून कोसळतो, म्हणूनच तो भयंकर वाटतो.

प्रतिसाद २ : मला निरीक्षक लुंगे अधिक भावतात. कळफलकावर टंकन करावे तशी हवेत बोटे चालवून प्रत्येक तपशील स्मरणात साठवणारा हा अधिकारी तपासाच्या हट्टापायी संसार गमावतो, तरी त्याचा राग येत नाही.

प्रतिसाद ३ : ग्रिमरही विलक्षणच! ‘किंडरहाइम ५११’ अनाथालयाने भावना हिरावून घेतलेला हा माणूस हसणेसुद्धा शिकून घेतो. योहानही तिथेच राहिलेला होता.