पहिली एअर रायफल: देशी की परदेशी?

मुलीला १० मीटर नेमबाजीसाठी थेट जर्मन एअर रायफल घ्यावी का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते, पहिल्या वर्षी नको. कोल्हापूरचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्या २०२४च्या ऑलिंपिक पदकानंतर इथे पालकांचा उत्साह वाढणं साहजिकच आहे, पण वाढत्या वयात किमतीपेक्षा माप महत्त्वाचं. खांद्याला टेकणारी बट प्लेट, गालाखालचा चीकपीस आणि स्टॉकची (दस्त्याची) लांबी, तिन्ही सरकवता आलेच पाहिजेत. नाहीतर मूल मान वाकवून नेम धरतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. स्पर्धेत वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे. लहान खांद्याला त्याहून बरीच हलकी रायफल द्या.

देशी घ्यायची तर स्प्रिंगची नको, हवेच्या सिलिंडरची घ्या. स्प्रिंगचा पिस्टन छर्रा नळीतून सुटण्याआधीच धक्का देतो, आणि या खेळात दहा गुणांचा मधला ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो!

परदेशी रायफलचं ट्रिगर आणि बॅरल (नळी) सरस असतं, हे खरंच. मात्र ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), हवेचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचे भाग इथे कोण देणार, हे आधी विचारा. जुनी घेत असाल तर सिलिंडरवरची मुदत वाचा. ती संपली असेल तर नव्याचा खर्च धरा.

आपल्या पावसाळ्यात सिलिंडर हातपंपाने भरताना ओलावा आत जातो, गंज धरतो, सील गळतात. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावा. सीलला साधं तेल कधीच नको, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीसच वापरा.