'मतिविना नीति गेली', हे तुम्हाला कसं कळलं?

प्रश्न: महात्मा फुल्यांच्या या ओळी शाळेच्या भिंतीवर होत्या, पाठही झाल्या, पण आता मुलीला सांगताना अडकलो. मति नसली की नीति कशी जाते? माझी आजी निरक्षर होती आणि तिच्याइतकं सरळ माणूस मी पाहिलं नाही.

उत्तर १: आजी सरळच असणार हो, पण १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मधलं हे बोलणं एकट्या माणसाचं नाहीये, अख्ख्या समाजाचं आहे, शेवटी 'शूद्र खचले' येतं ना.

उत्तर २: मला नीति म्हणजे बरंवाईट स्वतः ठरवायची ताकद वाटते. माझी आई चाळिशीत वाचायला शिकली, त्यानंतर पहिल्यांदा वडिलांना म्हणाली, मला हे पटत नाही.

प्रश्नकर्ता: ताई, हेच सांगतो मुलीला. आजीचा अंगठा असलेला एक कागद अजून घरात आहे, तोही दाखवतो.