शब्दचर्चा: मानधन, मोबदला की स्वामित्वधन?

अक्षरजुळणी: पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी चित्रकाराशी मराठीत करार करायचाय. प्रत्येक प्रतीमागे पैसे द्यायचे आहेत. शब्द कोणता वापरू? आणि 'कल्पनेचे हक्क' लिहिलं तर चालेल का?

मुद्रितशोधक: मानधन नको. ते एकदा दिलं की विषय संपतो, आणि त्यात उपकाराची छटा असते. मोबदला म्हणजे ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे. कृती विकली जाईल तोवर मिळत राहणारा हिस्सा म्हणजे स्वामित्वधन. महसूल खातं वाळू-मुरुमावर आकारतं त्यालाही हाच शब्द आहे, म्हणून पहिल्याच कलमात 'स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी' अशी व्याख्या देऊन टाका.

पण खरी भांडणं होतात ती टक्के कशावर यावरून. किंमत ३०० रुपये, स्वामित्वधन २ टक्के, विक्री १,००० प्रती: छापील किमतीवर ६,००० रुपये होतात. विक्रेत्याचं ४० टक्के कमिशन वजा करून धरलं तर ३,६००. नुसतं 'विक्रीवर' लिहिलंत तर दोघंही आपापल्या सोयीचा अर्थ लावतील. 'छापील किमतीवर, विकलेल्या प्रतींमागे' असं पूर्ण लिहा, आणि हिशेब कोणत्या महिन्यात द्यायचा तेही.

एकस्व: 'कल्पनेचे हक्क' काढाच. प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितलं. उदाहरणार्थ, पिंपळाच्या पारावर वाचत बसलेली मुलगी कुणीही चितारावी. या चित्रकाराच्या रेषा मात्र उचलता येणार नाहीत. काही जण इथे 'पेटंट' म्हणतात, ते चूक. पेटंट, म्हणजे एकस्व, शोधाला मिळतं आणि अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं. चित्राचा प्रताधिकार चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं.

अक्षरजुळणी: मग 'चित्राचे सर्व हक्क दिले' असं लिहू?

एकस्व: चित्रकाराचं त्यात फार नुकसान आहे. हक्कांचं हस्तांतरण आणि वापराचा परवाना यांत फरक करा. तुम्हाला परवाना पुरेल: 'या पुस्तकाच्या छापील व ई-आवृत्तीचे मुखपृष्ठ'. पिशव्या, दिनदर्शिका हव्या असतील तर वेगळं कलम घाला. मुदत आणि प्रदेश लिहाच. १९५७च्या प्रताधिकार कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरणात मुदत दिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश दिलेला नसेल तर भारत. मग परदेशातल्या विक्रीचं काय, हा प्रश्न उरतोच.

मुद्रितशोधक: श्रेयपानावरचं 'सर्व हक्क स्वाधीन'सुद्धा बदला. कुणाच्या स्वाधीन? 'मुखपृष्ठचित्राचे हक्क चित्रकाराकडे' असं नावानिशी छापा.